उकडलेल्या राजम्याचं वजन

ऑफिसच्या कॅफेटेरियात आज टोस्टवर अवोकाडो होतं आणि समोर एक छोटी पाटी, शंभर ग्रॅममध्ये एवढं प्रोटीन, एवढं फॅट, एवढं फायबर. बाजूला राजमा-चावल, त्याचीही पाटी. माझ्या पुढची मुलगी दोन्ही पाट्या वाचत उभी होती आणि मी, जिला कोणी काही विचारलं नव्हतं, तिला म्हणून बसले की हा राजम्याचा आकडा कोरड्याचा आहे, तुझ्या ताटात येणार तो उकडलेला, अडीचने भाग. तिने माझ्याकडे जे बघितलं ना, मी टोस्ट घेऊन सरळ जागेवर आले. आता टोस्ट तसाच पडलाय आणि मी टाइप करतेय, कारण हे एकदा लिहून टाकलं नाही तर आज माझ्याच्याने काम होणार नाही.

तर इंदूर. स्नेहलतागंजमधलं आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मी आठवीत, आणि बाबांची मिल बंद होऊन वर्ष झालेलं. बाबा मिलमध्ये टेस्टिंगला होते. मशीनवर नाही, मशीनवरून आलेलं सूत तपासायचं काम. मिल म्हटलं की लोकांना खडखडाट आठवतो, पण बाबांच्या खोलीत काचेच्या पेटीत एक तराजू होता आणि तोलणं चालू असताना तिथे कोणी जोरात श्वास पण घ्यायचा नाही. लहानपणी मी एकदा गेले होते तर मला दारातच थांबवलं, कारण मला सर्दी होती नी शिंक आली असती तर सगळं परत करावं लागलं असतं. सुताची लड तोलायची, भट्टीत वाळवायची, परत तोलायची. मधला जो फरक, ते पाणी. मग कागदावर आकडा आणि खाली बाबांची मुंगीएवढी सही. सही नसलेला कागद त्या खोलीतून बाहेर जायचा नाही.

मिल बंद झाली तेव्हा फिटर लोकांना गॅरेजमध्ये काम मिळालं, कोणी ऑटो घेतली, बाबांच्या ओळखीच्या एकाने तर कचोरीचा ठेला टाकला नी मस्त चालवला. पण सुतातलं पाणी मोजणाऱ्या माणसाला कोण ठेवणार यार? बाबा सगळीकडे जाऊन आले. शेवटी आईने टिफिन सुरू केला, स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि बाबा सायकलवरून डबे पोचवायला लागले. कसे, तर बेल वाजवायची, डबा पुढे करायचा, रिकामा घ्यायचा, निघायचं. एक शब्द नाही. घरी पण तसंच. मिलच्या वेळी बाबा जेवताना इतकं बोलायचे की आई म्हणायची, घास तरी गिळा. आता भांड्यांचाच आवाज.

डब्यात सोमवारी राजमा असायचा. आमच्या मराठी घरात राजमा म्हणजे परका माणूस. आमच्यात उसळ म्हणजे मटकी, वाल, फार तर हरभरा. पण वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी आईला तो शिकवला आणि आईने त्यात स्वतःचं काहीतरी केलं, शेवटी एवढासा गूळ, जो आंटींना आम्ही कधी सांगितला नाही. पोरं सोमवारची वाट बघायची. पण पोरांचं काय, परीक्षा झाली की गावी. डबे कमी होत चालले होते. मग गौतमपुऱ्याच्या मामाचा निरोप आला. तिथे एक आटाचक्की चालवायला मिळत होती, बाबांनी ती घ्यावी, आम्ही सगळ्यांनी तिकडेच यावं. मामा म्हणाला, "दर दिवाळीला हिंगोट बघायला येताच ना, आता राहायलाच या."

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे गावातले लोक दोन बाजूंनी एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे आत दारू भरलेली रानफळं, फेकतात, ते गच्चीवरून बघायला मला खूप आवडायचं. पण एक दिवस. मला शाळा सोडायची नव्हती, माझी गल्ली सोडायची नव्हती, आणि बाबा पिठाने पांढरे होऊन बसलेत हे चित्र तर डोळ्यांपुढे पण आणायचं नव्हतं. आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू. वीसएक डबे पक्के मिळाले तर राहू, नाहीतर जाऊ." एवढं साधं होतं. वीस डबे.

त्याच पावसाळ्यात दादा आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, आणि त्या कंपनीने पलासियाला ऑफिस उघडलं म्हणून त्याला इकडे पाठवलेलं. खोली मिळेपर्यंत आमच्याकडे राहिला. येताना बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन हिरवी फळं काढली नी म्हणाला, "काकू, हे बटर फ्रूट. अवोकाडो. आतून लोण्यासारखं असतं."

आईने एक उचलून ओट्यावर ठोकलं. "हे लोणी? याने तर सुपारी फुटेल."

पहिल्याची आईने भाजी केली. कच्च्या पपईची करतात तशी, मोहरी-हिंग वगैरे घालून. इतकी कडू झाली की दादा पण, जो आल्यापासून प्रत्येक गोष्टीला ऑसम म्हणत होता, पाणी प्यायला उठला. बाकीची दोन आईने तांदळाच्या डब्यात पुरली, सीताफळं पिकवतो तशी. चार-पाच दिवसांनी एक खरंच मऊ झालं. दादाने ते मोठ्या थाटात कापलं, मीठ टाकलं, लिंबू पिळलं, आम्हाला एकेक फोड दिली. आम्ही खाल्ली. साबण नाही, पण साबणाच्या जवळपास.

तेवढ्यात बाबा उठले. आत गेले नी जीरावनची डब्बी घेऊन आले, तोच पोह्यांवर टाकतो तो मसाला. फोडीवर भुरभुरवला, वर बारीक सेव, थोडा कांदा.

दादा म्हणाला, "काका, हे काय करताय? बंगलोरमध्ये कोणी बघितलं तर..."

"बंगलोर कुठे बघतंय," बाबा म्हणाले नी फोड तोंडात टाकली.

कित्येक दिवसांनी बाबा जेवताना काहीतरी बोलले होते. मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं. आणि सांगू का, जीरावन नी सेव टाकून ते भारी लागत होतं. उरलेलं सगळं दादानेच संपवलं.

त्याच जेवणात दादाने सांगितलं की ऑफिसमध्ये दुपारच्या डब्यांचं चाललंय. वीस लोक. सर बाहेर देशात राहून आलेले, तिकडे अवोकाडो खायचे, इकडे म्हणतात समोसे-कचोरी बंद, लोक दुपारी झोपतात, काहीतरी हेल्दी पाहिजे.

"मी तुमचं नाव सांगितलंय काकू. पण एक केटरर पण आहे. आणि आमच्या सरांना कागद लागतो. नुसतं चांगलं आहे म्हणून चालत नाही, कशात किती काय आहे ते दाखवायचं. तुमचा राजमा अवोकाडोपेक्षा कमी नाही असं कागदावर आलं ना, तर बात बन जाएगी."

वीस. मी मनात तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या लायब्ररीत होम सायन्सचं एक जाडं पुस्तक शोधलं, मागे तक्ते होते, आणि खरंच त्यात डाळींमध्ये राजमा आणि फळांमध्ये अवोकाडो. मी वहीत उतरवलं. घरी ड्रॉइंग शीटवर पट्टीने रकाने पाडले, राजमा लाल स्केचपेनने, अवोकाडो हिरव्याने, सगळं इंग्लिशमध्ये कारण सर. प्रोटीन, राजमा तेवीस, अवोकाडो दोन पण नाही. लोह, राजमा कितीतरी पुढे. फायबर पुढे. पोटॅशियम पुढे. फॅट, राजम्यात जवळजवळ नाहीच, अवोकाडो म्हणजे नुसतं फॅट. आता मला माहीत आहे की ते चांगल्या जातीचं फॅट असतं, पण तेव्हा मी त्याच्यापुढे लाल स्केचपेनने फुली मारली होती.

आईने तक्ता बघितला आणि हात पुसत हसली. "तेवीस नी दोन? मग माझा राजमा जिंकलाच की."

बाबा सायकल लावून आत आले. तक्ता खूप वेळ बघितला. मग विचारलं, "हा राजमा कोरडा की ओला?"

मी म्हटलं, "राजमा आहे बाबा, पुस्तकात राजमा लिहिलंय."

"शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यात तेवीस. ते दाणे कोण खातं? रात्रभर भिजतो, शिजतो, पाणी पितो, फुगतो. शंभरचा किती होतो?"

कोणालाच माहीत नव्हतं. दर सोमवारी खात होतो.

"नी अवोकाडोत तर पाणी आधीच आहे," बाबा म्हणाले. "एकाचं ओलं वजन, एकाचं कोरडं, एकाच पारड्यात नाही टाकायचं."

मग बाबांना जे काही झालं ना, ते मी शब्दांत नाही सांगू शकत, पण सांगते. त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून शंभर ग्रॅम राजमा तोलून आणला, दोनदा तोलायला लावला. रात्रभर भिजवला. सकाळी आईला म्हणाले मीठ-मसाला काही नाही, नुसता उकड. मग चाळणीत निथळला. मग स्वच्छ धोतराच्या फडक्यावर पसरून एकेक दाणा असा टिपला, जसं काही तान्ह्या बाळाला अंघोळ घातलीय. बाहेर लागलेलं पाणी राजम्याचं नाही, म्हणाले. मग पातेलं घेऊन आम्ही दोघं किराणावाल्याकडे.

त्याने पातेल्यात डोकावून बघितलं. "भिया, उबले हुए का क्या भाव लगाऊँ?"

"भाव मत लगाओ, वजन बताओ. पहले खाली पातेली."

दुकानात चार लोक उभे होते, सगळे बघायला लागले, मला लाजल्यासारखं झालं. बाबांना काही नाही. काटा थांबेपर्यंत त्यांनी मला हात धरून एक पाऊल मागे ओढलं, माझा श्वास लागू नये म्हणून. किराणावाल्याच्या तराजूवर. जिथे बाजूला पंखा फिरत होता. तो पण बंद करायला लावला.

अडीचशे. शंभरचे अडीचशे ग्रॅम झाले होते.

घरी येऊन बाबांनी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. तेवीस भागिले अडीच, नऊ पॉइंट दोन. लोह पण तसंच खाली आलं, तरी अवोकाडोच्या पुढे. फायबर जवळपास बराबर. पोटॅशियममध्ये तर अवोकाडो थोडं पुढे निघून गेलं. तिसरं अवोकाडो पण बाबांनी कापलं, साल नी बी बाजूला काढून नुसता गर तोलून आणला, म्हणाले खायचं तेवढंच मोजायचं, त्याच्यावर पण अन्याय नको.

आई पोळ्या लाटत होती. नऊ ऐकून लाटणं थांबलं.

"वीस डब्यांचा प्रश्न आहे. आणि तुम्ही माझाच राजमा हलका करून आणलात?"

"अगं, राजमा तोच आहे. आकडा चुकीचा होता."

"केटरर काय लिहील? तो तेवीसच लिहील."

"लिहू दे." बाबांनी वही मिटली. "रुईच्या गाठी यायच्या ना मिलमध्ये, कधीकधी कोणी रात्री पाणी मारून आणायचा. वजन वाढायचं. मी वाळवून सांगायचो, यात एवढं पाणी आहे. लोक चिडायचे. पण कागदावर तेच जायचं."

"ही रुई नाहीये. हे जेवण आहे."

"म्हणून तर."

आई परत लाटायला लागली, पण त्या दिवशीच्या पोळ्या जाड झाल्या.

मी नवीन शीटवर नवीन तक्ता केला. प्रत्येक रकान्यावर बाबांनी लिहायला लावलं, उकडलेला, फक्त गर. नऊ पॉइंट दोन. आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी त्यांचं जुनं पेन काढून सही केली. वर्षभरात पहिल्यांदा. ती मुंगी परत आली होती.

आता पुढचं मी आजपर्यंत आईला पण सांगितलेलं नाही. सकाळी दादा नमुन्याचा डबा आणि तक्ता घेऊन निघणार होता. तक्ता गुंडाळून रबर लावून दाराजवळ ठेवला होता. आई आत डबा भरत होती, बाबा बाहेर सायकलला हवा भरत होते. मी नऊचा तक्ता काढला नी तेवीसचा ठेवला. रबर लावलं. नऊचा गादीखाली सरकवला. दोन मिनिटं पण लागली नाहीत. माझ्या डोक्यात फक्त गौतमपुऱ्याची ती चक्की होती.

संध्याकाळी दादा मिठाई घेऊनच आला. ऑर्डर मिळाली, वीस डबे, सोमवारपासून, सोमवारी राजमाच. आई देवापुढे साखर ठेवायला गेली. बाबांनी विचारलं, "कागद बघितला त्यांनी?"

"बघितला म्हणजे? पँट्रीच्या भिंतीवर लावला काका. सरांना फार आवडला."

बाबा हसले. मग जेवताना बोलले पण, मिलमधली कुठलीशी गंमत सांगितली, आई म्हणाली घास तरी गिळा. आणि मी घास तसाच हातात धरून बसले. कारण डबे पोचवायला सोमवारी बाबाच जाणार होते. पँट्रीत.

तो सोमवार मी शाळेत कसा काढला मलाच माहीत. घरी आले तर बाबा रिकामे डबे नळाखाली लावत होते. माझ्याकडे बघितलं नी म्हणाले, "आलीस? चहा टाक." बस. मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. मी ठरवून टाकलं की त्यांनी बघितलाच नाही, किंवा डबे खालच्या चौकीदाराकडेच देत असतील. दिवाळी आली, आम्ही एका दिवसासाठी गौतमपुऱ्याला गेलो, हिंगोट बघितले, परत आलो. चक्की दुसऱ्या कोणीतरी घेतली. मी गादीखालचा तक्ता कधीच जाळून टाकायला पाहिजे होता, पण त्यावर बाबांची सही होती, कसा जाळणार?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला बरं नव्हतं, तर डबे पोचवायला मी बाबांबरोबर गेले. दोन पिशव्या बाबांकडे, एक माझ्याकडे, दुसरा मजला. एसीचा गार वारा, दादा कॉम्प्युटरपुढे बसलेला, त्याने हात केला. आणि पँट्रीच्या भिंतीवर, पाण्याच्या फिल्टरच्या वर, माझा तक्ता. लाल राजमा, हिरवा अवोकाडो.

तेवीस खोडलेलं होतं. पट्टी लावून, सरळ एक रेघ. वर निळ्या पेनने नऊ पॉइंट दोन. राजम्याचा प्रत्येक आकडा तसाच दुरुस्त केलेला. वर छोट्या अक्षरांत, उकडलेला. अवोकाडोपुढची माझी फुली पण खोडलेली. आणि खाली उजव्या कोपऱ्यात मुंगी.

शाई उडून फिकी झाली होती. आजची नव्हती, कालची नव्हती.

दादा पाणी प्यायला आला नी म्हणाला, "तुला माहीत नाही? पहिल्याच सोमवारी. काकांनी डबे ठेवले, तक्त्याकडे बघत उभे राहिले, आणि माझ्याकडून पट्टी मागितली. तेवढ्यात सर आत आले. म्हणाले, अरे ये क्या कर रहे हो? मी म्हटलं गेली ऑर्डर."

"मग?"

"काका म्हणाले, सर, पहले वाला गलत गया था, सूखे का था. आप उबला हुआ खाते हैं. सर म्हणाले, तो ये कम हो गया? काका म्हणाले, राजमा उतना ही है सर, आपने उस दिन चखा, वही है. मग सरांनी विचारलं ये सब नापा किसने? काका म्हणाले, मैंने. मग सर म्हणाले, ठीक है, बस तेल थोडा कम डलवाइए."

दादा हसत जागेवर गेला. त्याला काही कळलं नव्हतं, त्याला वाटलं पुस्तकातच गडबड झाली होती. बाबांनी त्यालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. इतके महिने रोज माझ्या हातचा चहा पीत होते.

जिन्यात मी पिशवी खाली ठेवली. "बाबा, तो तक्ता मी..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "खाली सही नव्हती ना. बघितल्या बघितल्या कळलं."

मला रडू यायला लागलं. जिन्यावरून लोक येत-जात होते, बाबांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, स्वतः पुढे आडवे उभे राहिले.

"दुसरा कुठेय? माझ्या सहीचा?"

"गादीखाली."

"नीट ठेव," बाबा म्हणाले, "चुरगळायला नको." मग खाली येऊन दोन्ही पिशव्या सायकलच्या हँडलला अडकवल्या, तिसरी माझ्याकडे दिली, आणि पलासियाच्या चौकापर्यंत सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. वाटेत सांगत होते, मिलमधला काटा थंडीत कसा वेगळा वागायचा, आणि सकाळी सगळ्यात आधी त्याला कसं हाताने झाकून गरम करावं लागायचं.